आधीं गोष्ट, मग व्याकरण : स्पॅनिश शिकण्याची एक सुगम रीत

परकी भाषा शिकावयाची म्हटली कीं आपल्या सुशिक्षित घरांत प्रथम काय होतें, हें वाचकांस सांगावयास नकोच. एक व्याकरणाचें पुस्तक येतें, एक कोश येतो आणि एक कोरी वही येते. वहीच्या पहिल्या पानावर क्रियापदांचीं रूपें मोठ्या सुवाच्य अक्षरांत उतरविलीं जातात. आठपंधरा दिवस उत्साह टिकतो. तिसऱ्या आठवड्यांत अनियमित क्रियापदें येतात आणि वही ट्रंकेच्या तळाशीं जाते. ज्यांची चिकाटी दांडगी ते परीक्षाही उत्तीर्ण होतात. पण त्या भाषेचा मनुष्य समोर येऊन चार वाक्यें बोलला कीं त्यांचीसुद्धां तारांबळ उडते.

प्रस्तुत लेखकाची गणना या दुसऱ्या वर्गांत करावी. स्पॅनिशचा पुस्तकी अभ्यास वर्षभर केल्यानंतर मेक्सिको देशांतील एका वृद्ध बाईंशीं बोलण्याचा योग आला. त्यांनीं एक अगदीं साधा प्रश्न विचारला. 'प्रवासांत त्रास झाला नाहीं ना?' एवढेंच त्या विचारीत होत्या, हें मागाहून कळलें. त्या प्रश्नांतील प्रत्येक शब्द मला पाठ होता. परंतु कानांस एकही ओळखतां आला नाहीं. मी नुसता हंसलों, आणि त्या बिचाऱ्या गप्प बसल्या. डोळ्यांनीं शिकलेली भाषा कानांस परकीच राहिली होती. त्या फजितीनंतर जी वाट धरली, ती इतरांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

स्पॅनिश भाषेशीं आपल्या घरांचा संबंध काय, असा प्रश्न वडीलधाऱ्या मंडळींच्या मनांत येईल. ही भाषा एकट्या स्पेनची नव्हे. मेक्सिको, कोलंबिया, पेरू, आर्जेंटिना वगैरे मिळून वीस देशांचा कारभार तींत चालतो, आणि सुमारें पन्नास कोटि माणसांची ती जन्मभाषा आहे. आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संसार थाटून राहिलीं आहेत. तेथेंही घरांत स्पॅनिश बोलणारांची संख्या चार कोटींहून अधिक आहे, आणि शाळांतून परकी भाषा म्हणून सर्वांत अधिक मुलें हीच भाषा घेतात. कोठें शेजारीण त्या भाषेची, कोठें नातवंडाला सांभाळणारी बाई त्या भाषेची, आणि कोठें कोठें सूनच त्या भाषेची. सहा महिन्यांसाठीं गेलेली आजी खिडकीशीं बसून राहते. नातू दोन दोन भाषांत बडबडतो, विहीणबाई हंसून कांहीं विचारतात, आणि आजी केवळ मान हलविते. 'माझें आतां शिकण्याचें वय राहिलें नाहीं,' ही तिची ठाम समजूत. ही समजूत खरी कीं खोटी, यावर तिच्या त्या सहा महिन्यांचें सुख अवलंबून आहे.

गोष्टींतून विद्या देण्याची कल्पना आपणांस नवी नाहीं. पंचतंत्राच्या आरंभींची कथा सर्वांस ठाऊकच आहे. दक्षिणेंतील महिलारोप्य नगरींत अमरशक्ति नांवाचा राजा होता, आणि त्याचे तिन्ही पुत्र शास्त्रांस विन्मुख होते. एकटें व्याकरण शिकण्यासच बारा वर्षें लागतात, मग इतर शास्त्रें केव्हां व्हावयाचीं, अशी दरबारांत चिंता पडली. तेव्हां विष्णुशर्मा पुढें आला आणि सहा महिन्यांत मुलांना शहाणे करण्याची त्यानें प्रतिज्ञा केली. राजपुत्रांपुढें त्यानें सूत्रें मांडलीं नाहींत. सिंह, बैल, कोल्हे आणि कावळे यांना त्यानें बोलतें केलें. बारा वर्षांच्या व्याकरणाविरुद्ध सहा महिन्यांची गोष्ट, हा वाद इतका जुना आहे.

गेल्या साठ वर्षांत अमेरिकेंतील कांहीं भाषाशिक्षक निराळ्या वाटेनें याच ठिकाणीं येऊन पोंचले. कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथील मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनीं १९६० नंतरच्या दशकांत एक साधी रीत पुढें मांडली. शिक्षकानें परक्या भाषेंत आज्ञा करावी आणि ती स्वतः करून दाखवावी. विद्यार्थ्यानें तोंडानें कांहीं न बोलतां ती पाळावी. 'ऊठ', 'चाल', 'दार उघड' हीं वाक्यें अशा रीतीनें अंगासच ओळखीचीं होतात. अर्व्हाइन येथील विद्यापीठांत स्पॅनिश शिकविणारे ट्रेसी टेरेल यांनीं १९७७ मध्यें आपल्या अनुभवावरून 'नैसर्गिक पद्धति' सुचविली. विद्यार्थ्यास बोलण्याची घाई करूं नये, चुकीबद्दल त्याला पदोपदीं हटकूं नये, आधीं त्याला समजूं द्यावें, हें तिचें सार. स्टीफन क्रॅशन या भाषाशास्त्रज्ञांनीं या अनुभवास सिद्धान्ताची बैठक दिली, आणि १९८३ मध्यें दोघांनीं मिळून त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें १९९० च्या सुमारास ब्लेन रे या कॅलिफोर्नियांतीलच स्पॅनिशच्या शिक्षकांनीं ॲशर यांच्या आज्ञांना गोष्टीची जोड दिली. केवळ आज्ञा किती दिवस पाळावयाच्या? ऊठबस करून वर्ग कंटाळतो. गोष्ट मात्र 'पुढें काय झालें?' या एका प्रश्नावर चालत राहते.

क्रॅशन यांचें म्हणणें थोडक्यांत असें. भाषा शिकणें आणि भाषा अंगवळणीं पडणें हे दोन निरनिराळे व्यापार आहेत. नियमांचें ज्ञान लिहितांना चूक सुधारण्यास उपयोगी पडतें. परंतु बोलण्याच्या ओघांत नियम आठवावयास सवड नसते. ओघ येतो तो पूर्वीं समजलेल्या वाक्यांच्या सांठ्यांतून. म्हणून जें ऐकावयाचें तें अर्थ कळेल असें असावें, आणि आपणांस येत असलेल्या भाषेच्या एकच पायरी वर असावें. न समजणारीं बातमीपत्रें तासचे तास कानांवरून गेलीं तरी तो नुसता गलबला होय. घरांतील तान्हें मूल पाहावें. वर्ष सव्वा वर्ष तें ऐकतच असतें. 'दिवा कोठें आहे?' म्हटलें कीं दिव्याकडे पाहतें, पण बोलत नाहीं. त्याला मंद म्हणून कोणी रागावत नाहीं. मोठ्या माणसाला मात्र पहिल्याच दिवशीं बोलावयास लावतात, आणि तें चुकलें म्हणजे त्याला ओशाळें करतात.

प्रत्यक्ष गोष्ट कशी सांगतात तें पाहूं. सांगणारी बाई फळ्यावर एक मुलगी काढते आणि म्हणते, 'आय् ऊना चिका', म्हणजे 'एक मुलगी आहे'. मुलीच्या डोक्यावर घडा काढते आणि म्हणते, 'ला चिका तिएने लेचे', मुलीजवळ दूध आहे. मग विचारते, 'तिएने लेचे?' ऐकणारे म्हणतात, 'सी', म्हणजे होय. 'तिएने आग्वा?' पाणी आहे काय? 'नो.' अशा उलटसुलट प्रश्नांत 'तिएने' हा शब्द पांच मिनिटांत पंधरावीस वेळां कानीं पडतो, आणि तो पाठ करण्यास कोणी सांगितलेलें नसतें. पुढें ती मुलगी बाजारास निघते. दूध विकून अंडीं घेईन, अंड्यांचीं पिलें होतील, पिलें विकून डुक्कर घेईन, डुक्कर विकून गाय घेईन, असे मनोरथ करतां करतां ती आनंदानें उडी मारते आणि घडा फुटतो. एव्हांना वाचकांच्या ओठांवर हसूं आलें असेल. ही तर आपल्या सातूच्या पिठाच्या मडक्याची गोष्ट! हें साम्य कोठून आलें, तें शेवटीं सांगतों. येथें इतकेंच ध्यानांत घ्यावें कीं, गोष्ट आधींच माहीत असली म्हणजे निम्मा अर्थ पदरांत पडलेला असतो. उरलेला निम्माच काय तो भाषेकडून घ्यावयाचा. म्हणून आरंभ परिचित कथांपासून करावा.

मराठी मनुष्यास या कामीं आणखी एक लाभ आहे, आणि इंग्रजींतून लिहिलेल्या व्याकरणांत तो सांपडत नाहीं. आपण स्पॅनिशकडे इंग्रजीच्या खिडकींतून पाहतों, म्हणून ती आहे त्याहून अवघड दिसते. 'मे गुस्ता ला लेचे' या वाक्यापाशीं इंग्रज विद्यार्थी हमखास अडखळतो. त्याचा सरळ अर्थ 'मला दूध आवडतें'. पुस्तकें असलीं तर 'मे गुस्तान लोस लिब्रोस', मला पुस्तकें आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणें बदलतें, हें मराठी माणसाला कोणीं शिकवावें? तसेंच 'वेओ ला कासा' म्हणजे 'मी घर पाहतों'. पण माणूस असेल तर 'वेओ आ ला आबुएला', म्हणजे 'मी आजीला पाहतों'. घराला प्रत्यय नाहीं, आजीला आहे. आपल्या 'ला' प्रत्ययाचें काम तेथें 'आ' करतो. इंग्रजी पुस्तकांत या 'आ'साठीं स्वतंत्र प्रकरण लिहावें लागतें. आपल्या जिभेवर तो नियम जन्मापासून बसलेला आहे.

भूतकाळाचेंही तसेंच. 'एन ऊन बोस्के बिबीआ ऊन लेओन', एका अरण्यांत एक सिंह राही. 'ऊन दीआ येगो ऊन तोरो', एके दिवशीं एक बैल आला. 'राही' आणि 'आला' यांतला भेद इंग्रजीच्या साध्या भूतकाळांत बुजून जातो, आणि मग विद्यार्थी कोष्टकें करून तो पाठ करीत बसतो. आटपाट नगरचा राजा रोज देवळांत जाई, आणि एके दिवशीं त्याला कोणी भेटलें, अशा कहाण्या ऐकत जो कान वाढला, त्याला हा भेद चारदोन गोष्टींतच उमगतो.

उच्चारांतही आपणांस सोपें जातें. स्पॅनिशमधील त आणि द आपल्याप्रमाणेंच दंत्य आहेत. स्वर पांचच आणि स्वच्छ आहेत. कठीण म्हणाल तर 'र'. 'पेरो' म्हणजे 'पण', आणि जीभ चांगली थरथरवून म्हटलेला 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. हा भेद कानानेंच घ्यावा लागतो. शब्दांची ओळखही थोडीफार आधींपासून आहे. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि गोवा, वसई, चौल येथील पोर्तुगीजांच्या सहवासानें तिचे पुष्कळ शब्द मराठींत येऊन राहिले. आपला 'पगार' तेथें 'पागार', म्हणजे पैसे चुकते करणें. 'पाव' तेथें 'पान'. 'चावी' तेथें 'यावे'. 'बादली' तेथें 'बाल्दे'.

आतां काळाचा हिशेब. अमेरिकन सरकारच्या परराष्ट्रखात्याची एक भाषासंस्था आहे. इंग्रजी बोलणारांस स्पॅनिशमध्यें कामकाजापुरती चांगली गति येण्यास वर्गांतील सुमारें ६०० ते ७५० तास लागतात, असा तिचा अनुभव आहे. रोज एक तास धरला तरी दोन वर्षें झालीं. तेव्हां महिन्याभरांत भाषा शिकविण्याचें आश्वासन देणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवूं नये. न कळणारे शब्द किती चालतील, याचाही अंदाज आहे. हू आणि नेशन या संशोधकांनीं २००० सालीं वाचनाविषयीं जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यावरून आधाराशिवाय मजकूर नीट समजण्यास शंभरांतील सुमारें अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. चित्रें, हावभाव आणि माहितीची गोष्ट यांचा आधार असेल तर याहून कमी शब्दांवरही निभावतें. परंतु गोष्ट 'सोपी' असावी असा आग्रह कां धरावयाचा, हें या आंकड्यावरून कळून येईल. सोप्या गोष्टी ऐकण्यांत कमीपणा मानणारे विद्वान गृहस्थच या मार्गावर सर्वांआधीं मागें पडतात.

येथें दुसरी बाजू सांगितली नाहीं तर लेख एकांगी होईल. कॅनडांत मॉंट्रियलजवळ सेंट लँबर्ट येथें १९६५ मध्यें इंग्रजी घरांतील मुलांना सर्व विषय फ्रेंचमधून शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढें तो देशभर पसरला. हीं मुलें वर्षानुवर्षें फ्रेंच ऐकत होतीं. त्यांची समज फारच उत्तम झाली. परंतु बोलण्यांत व्याकरणाच्या चुका राहूनच गेल्या. मेरिल स्वेन या विदुषींनीं १९८५ मध्यें याचें कारण असें सांगितलें कीं, मुलांवर स्वतः वाक्यें जुळविण्याचा प्रसंग पुरेसा आला नाहीं. ऐकणारास अर्थ कळला कीं तो पुढें जातो. प्रत्ययाकडे त्याचें लक्ष राहत नाहीं. स्वतः बोलूं लागल्यावर मात्र आपली उणीव आपणांसच टोंचते. म्हणून व्याकरणास कायमची रजा द्यावी, असें कोणीं समजूं नये. त्याची पाळी मागाहून आहे. ज्या नियमाचीं शेंकडों वाक्यें कानांवरून गेलीं, तो नियम पुस्तकांत वाचतांना 'अरे, हें तर मला ठाऊकच होतें' असें वाटतें, आणि तें कायमचें मनांत बसतें.

एकत्र कुटुंबास ही रीत फार सोयीची आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर अर्धा तास सर्वांनीं एकत्र बसावें. नवशिक्यांसाठीं मुद्दाम सावकाश सांगितलेल्या चित्रयुक्त स्पॅनिश गोष्टी आतां मोबाईलवर सहज मिळतात. त्यांतील एक निवडून लागोपाठ तीन दिवस ऐकावी. पहिल्या दिवशीं चित्रांवरून अर्थ लावावा, दुसऱ्या दिवशीं न कळलेले दोनतीन शब्दच पाहावे, तिसऱ्या दिवशीं डोळे मिटून ऐकावी. पहिले दोन महिने कोणासही बोलण्याची सक्ति नसावी. पुढें लहान मुलानें गोष्ट मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्यें सांगावी आणि आजीनें क्रम चुकल्यास टोकावें. नंतर आजीनें सांगावी आणि मुलानें ऐकावें. चुकीला हंसूं नये, एवढा एकच नियम. वही ठेवावयाचीच असेल तर तींत रूपें न लिहितां ऐकलेले तास लिहावे. अधिक पद्धतशीर अभ्यास आणि परीक्षा यांची इच्छा असेल त्यांस नवी दिल्लींत स्पेन सरकारची सर्व्हांतेस संस्था २००९ पासून उपलब्ध आहे.

माझ्यापुरतें सांगावयाचें तर, माझ्या वहींत तीनशेंच्या वर तास जमल्यावर त्याच मेक्सिकन बाईंशीं पुन्हां बोलण्याचा योग आला. त्यांनीं आपल्या लहानपणींच्या गांवची एक हकीकत सांगितली. विहीर, पाऊस, हरवलेली शेळी. सर्वच शब्द कळले असें नाहीं. पण शेळी सांपडली तेव्हां आम्ही दोघेंही एकदम हंसलों, आणि या वेळचें माझें हंसणें खरें होतें.

आतां त्या फुटलेल्या घड्याची गोष्ट. इराणच्या खुस्रो बादशहाच्या पदरीं असलेल्या बुर्झोय नांवाच्या वैद्यानें सहाव्या शतकांत पंचतंत्रांतील कथा पहलवी भाषेंत नेल्या. आठव्या शतकांत इब्न अल् मुकफ्फा यानें त्या अरबींत आणल्या. अरबांबरोबर त्या स्पेनपर्यंत पोंचल्या, आणि १२५१ च्या सुमारास राजपुत्र आल्फोन्सो याच्या आज्ञेनें त्यांचें कास्तिलियन, म्हणजे जुन्या स्पॅनिश भाषेंत, भाषांतर झालें. ग्रंथाचें नांव 'कलीला ए दिम्ना'. आपले करटक आणि दमनक ते हेच! त्या भाषेंतील कथावाङ्मयाच्या अगदीं आरंभींच्या गद्य ग्रंथांत याची गणना होते. सोमशर्म्याच्या बापाच्या मडक्यांतील सातूचें पीठ तेथें मध आणि लोणी झालें. १३३५ मध्यें दोन हुआन मानुएल याच्या 'कोंदे लुकानोर' ग्रंथांत दोन्या त्रुहाना नांवाच्या बाईच्या डोक्यावर तो मधाचा घडा चढला, आणि अठराव्या शतकांत सामानिएगो या कवीच्या हातीं गवळणीचें दूध होऊन तो आजच्या स्पॅनिश मुलांपर्यंत आला. पीठ बदललें, घडा बदलला. मनोरथ मात्र प्रत्येक ठिकाणीं तसेच कोसळले, आणि ऐकणारीं मुलें प्रत्येक ठिकाणीं तशींच हंसलीं.

तेव्हां परदेशीं खिडकीशीं बसलेल्या आजीबाईंनीं 'माझें वय राहिलें नाहीं' असें म्हणूं नये. ज्या गोष्टीनें तिकडचीं मुलें आपली भाषा ऐकावयास शिकतात, ती आजीबाईंना लहानपणापासून पाठ आहे. नातवाला शेजारीं बसवावें, फळ्यावर एक मुलगी काढावी, तिच्या डोक्यावर एक घडा द्यावा, आणि विचारावें, 'तिएने लेचे?'